सुभेदारांची मिशी आणि दिलेली फांदी

"दिल्याली फांदी लागत न्हाई, सुभेदार. फांदी चोरून न्यावी लागती," आक्काताई सातारा बागबान सेवा मंडळाच्या भर सभेत म्हणाल्या.

सभा पेन्शनर सुभेदार हिंदुराव यांच्या अंगणात भरली होती. सुभेदार मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचं काम फुकटाचं, पण गंभीर. रविवारी सकाळी सभासद इस्पितळाच्या आवारातल्या झाडांना आळी करत. मग बाजाराच्या तोंडाशी चिंचेखाली घोंगडं टाकून बसत आणि लोकांनी आणलेली किडकी पानं तपासून औषध सांगत. पार वडूजहून माणसं यायची. एकानं तर रोग नीट दिसावा म्हणून अख्खी पपई मुळासकट उपटून एस.टी.नं आणली होती. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं होतं, असं सांगतात.

त्या दिवशी सुभेदारांनी मोठ्या मनानं जाहीर केलं होतं, की आपल्या पिवळ्या गुलाबाची एकेक फांदी ते प्रत्येक सभासदाला देणार. हा गुलाब त्यांनी पलटण डोंगरात असताना ट्रंकेत घालून आणला होता. त्याचं फूल एवढं, की वाटेनं जाणारी माणसं बशी ठेवलीय काय म्हणून थांबत. तरी एकाही सभासदानं हात पुढे केला नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले.

"का रं सयाजी? नको?" सुभेदारांनी विचारलं.

सयाजी त्यांच्याच पलटणीतला हवालदार. उठून सावधान उभा राहिला. "पायजे की साहेब. पन आक्काताई म्हनत्यात ते खरं हाय. दिल्याली जगत न्हाई. तुमी जरा घरात जावा, आमी आपापली न्हेतो."

"चोरून?"

"व्हय साहेब."

सुभेदारांची मिशी थरथरली. ही मिशी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. पावसात तिच्या दोन्ही टोकांवरून पाण्याच्या धारा बाजूला पडत आणि मधे सुभेदारांचा सदरा कोरडा राही. राजवाड्यापाशी ते वळले, की आधी मिशी दिसे, मग सुभेदार.

"आपलं मंडळ शास्त्रावर चालतं!" ते गरजले. "मी माझ्या हातानं फांद्या लावून देणार. एकूणएक जगतील. एक जरी मेली, तर ही मिशी भर सभेत उतरवीन."

आक्काताई मंडळातल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी काठी रोवली तरी तिला पालवी फुटेल, असा त्यांचा हात. त्या शांतपणे म्हणाल्या, "आनि समद्या जगल्या, तर माझ्या दारचा बटमोगरा मंडळाला दिला." हा बटमोगरा त्यांनी सख्ख्या लेकीलाही दिला नव्हता.

सुभेदार कामाला लागले. डालड्याचे डबे आणले, भोकं पाडली, माती-शेणखत भरलं आणि आषाढातला मुहूर्त धरून फांद्या लावल्या. मात्र माणसांवर त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. मेलेली फांदी उपटून कोणी दुसरीच खोचली तर? पलटणीत जवानाच्या गळ्यात नावाचा बिल्ला असतो, म्हणजे काहीही झालं तरी ओळख पटते. सुभेदारांनी पत्र्याचे तुकडे कापून खिळ्यानं त्यांच्यावर सभासदांची नावं ठोकली आणि ते प्रत्येक फांदीच्या बुडाशी, मातीखाली, तारेनं आवळून बांधले. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. डबे त्यांनी सभासदांच्या घरोघर पोचवले आणि शेवटचा स्वतःसाठी ठेवला. गणपतीच्या आधीच्या रविवारी तपासणी ठरली. परीक्षक म्हणून सांगलीच्या बागबान मंडळाचे लालासाहेब येणार होते. ते हळदीचे व्यापारी होते, कुणाच्या बापाचं ऐकणारे नव्हते.

आठवड्याच्या आतच सुभेदारांच्या स्वतःच्या डब्यातली फांदी शेंड्याकडून काळी पडू लागली.

त्यांनी राख घातली, ताक घातलं, फांदीवर छत्री धरून उभे राहिले. काळं खाली उतरतच होतं. सुभेदारांचा हात सारखा मिशीकडे जायला लागला.

"आवं, सारखं काय चाचपताय?" त्यांची बायको अंजना म्हणाली. "जाग्यावर हाय अजून."

मग एका पहाटे, बारीक पाऊस पडत असताना, शास्त्रावर चालणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष डोक्यावर पोतं घेऊन आक्काताईंच्या परड्यात शिरले. त्यांचा डबा कुंपणापाशीच होता. आतली फांदी हिरवीगार, तिला बारीक डोळे फुटलेले. सुभेदारांनी ती हळूच उपसली. पण दुसऱ्याचा डबा मोकळा ठेवून जाणं त्यांच्या शिस्तीत बसेना. म्हणून त्यांनी आपली काळी फांदी तिथं रोवली, माती दाबली, आणि सवयीनं दोन ओंजळी पाणीही घातलं.

घरी येऊन त्यांनी चोरलेली फांदी आपल्या डब्यात लावली आणि निवांत चहा घेतला. दुसरा कप निम्म्यावर आला, तेव्हा त्यांना बिल्ले आठवले.

आक्काताईंच्या डब्यात आता 'हिंदुराव' होता. स्वतःच्याच हातानं, खिळ्यानं ठोकलेला. परत जाऊन बदलावं तर आक्काताईंची सून पडवीत येऊन बसलेली. ती त्यानंतर तिथून हललीच नाही, असं सुभेदारांना वाटे. कारण ते जेव्हा जेव्हा त्या वाटेनं गेले, तेव्हा तेव्हा ती पडवीतच होती.

पुढे आणखी वाईट झालं. एका रविवारी इस्पितळातली आळी करून सुभेदार घरी आले, तर आक्काताईंकडून आणलेली हिरवी फांदीसुद्धा काळी पडलेली. सकाळी तर बरी दिसली होती. सुभेदार मटकन पायरीवर बसले. तिकडे आक्काताईंच्या डब्यात मात्र पालवी लवलवत होती. आपल्या हातात मरणारी काडी बाईच्या हातात गेल्या गेल्या जगली, हे त्यांना मिशीपेक्षाही जास्त लागलं.

तपासणीचा रविवार आला. लालासाहेब सांगलीहून पहिल्या गाडीनं आले. अंगणात डबे ओळीनं मांडले. प्रत्येक डब्यात पिवळट-हिरवी पालवी, फक्त सुभेदारांच्या डब्यात काळी काडी.

"एक गेली," लालासाहेब म्हणाले.

"गेली ना? मग झालं," सुभेदार घाईनं म्हणाले. "पैज संपली. उगाच मुळं दुखवायला नकोत. चहा घ्या."

"असं कसं? पानं फसवत्यात. मुळी बघितल्याबिगर मी निकाल देत न्हाई. आमच्या हळदीतबी तसंच असतंय." लालासाहेबांनी सयाजीचा डबा उलटा केला. मातीचा गड्डा सुटला. पांढऱ्याशुभ्र मुळ्या, आणि त्यांच्यात अडकलेला एक पत्रा. लालासाहेबांनी तो अंगठ्यानं पुसला. "हे काय? 'आकाराम' लिवलंय."

सयाजी सावधान झाला. मागं बसलेला सभासद आकाराम खाली बघायला लागला.

सुभेदारांना बिल्ल्यांचा खुलासा करावाच लागला. पुढचा डबा आकारामचा. त्यात निघाली दगडाबाई. दगडाबाईंच्या डब्यात केरू. केरूच्या डब्यात सयाजी. एकेक गड्डा फुटत गेला आणि एकेक सभासद मान खाली घालत गेला.

"केरू, तू माझी न्हेलीस?" सयाजीनं हळूच विचारलं.

"व्हय की, हवालदार! साहेबांची मिशी वाचावी म्हनून. दिल्याली जगली नसती, तर काय तोंड दाखवलं असतं?"

"आमीबी त्याच्यासाठीच," दगडाबाई डोळ्याला पदर लावत म्हणाल्या. "आनि मोकळा डबा सोडून आलो न्हाई. आपली घालून आलो."

सगळं मंडळ एकमेकांच्या परड्यांत पहाटे हिंडलं होतं. आता दोनच डबे राहिले. लालासाहेबांनी आक्काताईंचा डबा उचलला. सुभेदारांनी डोळे मिटले. 

"आक्काताई," लालासाहेबांनी वाचलं. "आपलीच हाय. शाबास."

सुभेदारांनी डोळे उघडले. लालासाहेबांनी काळ्या काडीचा पत्रा पुसला. "हिंदुराव. हीबी आपलीच."

अंगणात गलका झाला. पण सुभेदारांचं लक्ष फक्त आक्काताईंकडे होतं. त्या त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि ओठ न हलवल्यासारखं बोलल्या, "तुमी दवाखान्यात आळी करत हुतासा, तवा माझी मी चोरून माघारी न्हेली. म्हनून जगली. आनि तुमची तुमाला दिली." जरा थांबून त्या म्हणाल्या, "दिल्याली. बघा आता."

सुभेदारांनी काळ्या काडीकडे पाहिलं.

लालासाहेबांनी घसा साफ केला. "बोली हुती, एक जरी मेली तर मिशी. एक मेली हाय. पन—"

"पन काय पन!" सयाजी रडकुंडीला आला होता. "आमी समदे चोर निघालो. साहेब आनि आक्काताईच काय ते सचोटीनं ऱ्हायलं. आनि साहेबांचीच मिशी काढायची? ह्यो कुठला न्याव?"

"साहेबांचा सत्कार करा!" केरू ओरडला. कोणीतरी पळत जाऊन झेंडूचा हार आणला. आकारामनं सूचना मांडली, की अध्यक्षांना 'बागबान-भूषण' म्हणावं आणि मिशी मंडळाची ठेव म्हणून तशीच राखावी. सूचना एकमतानं मंजूर झाली. आक्काताईंनीसुद्धा हात वर केला. "माझी पैज मी सोडली," त्या म्हणाल्या. "सुभेदार म्हनतील तसं."

हार गळ्यात पडला. मिशी वाचली होती. एक शब्द बोलायची गरज नव्हती. सुभेदारांनी समोर पाहिलं. सगळ्यांचे डोळे पाणावलेले, आणि त्या सगळ्यांत आक्काताईंचे तेवढे कोरडे, शांत, अजिबात न रागावलेले. तो हार त्यांना तारेनं आवळून बांधलेल्या बिल्ल्यासारखा टोचू लागला.

"हरिबाला बोलवा," ते म्हणाले.

हरिबा न्हावी आला. त्यानं तीनदा विचारलं, "साहेब, खरंच?" मग वस्तरा चालला. सयाजी शेवटपर्यंत सॅल्यूट ठोकून उभा होता. लालासाहेब सांगलीच्या गाडीत बसेपर्यंत रुमालानं नाक पुसत होते. असा माणूस आपल्या सांगलीत नाही, असं त्यांनी तिथल्या सभेत सांगितलं म्हणे.

त्यानंतर चारेक दिवसांनी, ऐन उन्हात, सुभेदार आक्काताईंच्या दारी गेले. वरचा ओठ पांढराफटक, जसा काही भिंतीवरून जुना फोटो काढलाय.

"आक्काताई," ते म्हणाले, "बटमोगऱ्याची एक फांदी द्याल?"

"देत न्हाई," आक्काताई म्हणाल्या.

सुभेदार उभे राहिले. मागं फिरावं की काय, असा विचार करत होते. तेवढ्यात आक्काताईंनी धान्याचं सूप उचललं, त्यांच्याकडे पाठ केली आणि पडवीत बसून सावकाश पाखडू लागल्या.

आतून सून बाहेर आली. बटमोगऱ्यापाशी वाकलेला माणूस तिला दिसला. "आत्याबाई, कोन आलंय वो परड्यात?"

"मला काय ठावं?" सुपावरची नजर न काढता आक्काताई म्हणाल्या. "बिनमिशीचा मानूस मी वळखत न्हाई."