पाणी न लागणारी गाडी

बायको थेडा गेल्याचा फोन इस्पितळातून सकाळी साडेनऊला आला आणि अकरा वाजता तिने घेतलेली गाडी दारात येऊन उभी राहिली. दोन्ही गोष्टी ओन्नो आयलर्सला एकाच दिवशी कळल्या.

"बाई कुठायत?" गाडी आणणाऱ्याने विचारलं. "त्यांनी सांगितलं तसं सगळं करून आणलंय."

"बाई नाहीत," ओन्नो म्हणाला.

बाजारात गेल्या असतील, असं त्या माणसाला वाटलं. "मग सही तुम्ही करा." ओन्नोने सही केली.

गाडी चाळीस वर्षं जुनी, पिवळी, मागे इंजिन असलेली. आत पलंग, छोटा ओटा, शेगडी, नळ. थेडाने ती आजारी पडायच्या आधी गुपचूप ठरवली होती. सोबत गाडीचं माहितीपुस्तक होतं. पहिल्याच पानावर तिचं पेन्सिलीतलं अक्षर: 'पहिला चहा नॉर्डाइखला, समुद्राच्या बांधावर. ओन्नो करेल.' ओन्नोने पुस्तक मिटलं. पुढचं पान उलटायला त्याचा हात तीन आठवडे धजला नाही.

थेडाची धाकटी बहीण गेशे चर्चच्या गायनमंडळात होती, दारूला शिवत नव्हती आणि खोटं बोलत नव्हती. तिने एम्डेनचं गिऱ्हाईक गाठलं. "शनिवारी येतोय तो. रोज खिडकीतून त्या गाडीकडे बघत बसतोस, जेवत नाहीस. विकून टाक." ओन्नो हो म्हणाला. त्या दिवसांत तो सगळ्यालाच हो म्हणत होता.

मंगळवारी रेडिओने सांगितलं, रात्री पारा शून्याखाली जाणार. ओन्नोने अडतीस वर्षं लोकांच्या घरांत गरम पाण्याचे नळ बसवले होते आणि दर हिवाळ्यात फुटलेले जोडले होते. तो ताडकन उठला. थेडाची गाडी, आणि तिच्या इंजिनातलं पाणी गोठून ते फुटलं तर? त्याने मागचं झाकण उघडलं, गुडघ्यांवर बसून खालून पाहिलं. पाणी कुठे ओतायचं ते सापडेना. पुस्तक कपाटात होतं, पण ते उघडायचं नव्हतं. शेजारचा फोक्को जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त करत आलेला, पण तो लेकीकडे गेला होता. शेवटी गाडीच्या कुशीला एक झाकण दिसलं. ओन्नोने त्यात दोन लिटर गोठणरोधक, म्हणजे पाणी गोठू न देणारं रसायन, ओतलं आणि वर बागेच्या नळीने तुडुंब पाणी भरलं. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदा काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

गुरुवारी गेशे आली. फोक्कोही परतला होता. ओन्नो एकदम म्हणाला, "गाडीत चहा करतो. बसा."

"बांधावर करायचा होता ना?" गेशेने विचारलं.

"ही तालीम. हा धरायचा नाही."

गाडीतला नळ उघडला तर पाणी आलं. आणणाऱ्याने टाकी भरून दिली असेल, असं ओन्नोने धरलं. त्याने चहा काळाभोर उकळला, कपात खडीसाखर टाकली, वरून अलगद साय सोडली. उत्तर जर्मनीच्या त्या किनारी भागात तीन कप व्हायच्या आत कुणी नको म्हणत नाही, आणि विधुराच्या घरी तर नाहीच. पुरे झालं की कपात चमचा ठेवायचा, बोलायचं नाही.

पहिल्या घोटाला गेशेची भुवई वर गेली. "खडीसाखर दोनदा टाकलीस का रे?"

"एकदाच."

"बरं झालाय," ती म्हणाली. तिचं हे आयुष्यातलं पहिलं खोटं. तिने तीन कप संपवले. ओन्नोनेही संपवले. थेडा गेल्यापासून त्याला कशाचीच चव कळत नव्हती.

तिसऱ्या कपाशी फोक्को थांबला. "पाणी कुठलं?"

"टाकीतलं. इंजिनाची काळजी नको, त्यात परवाच गोठणरोधक घातलंय."

"इंजिनात? कुठून?"

"बाहेरच्या झाकणातून."

फोक्कोने शांतपणे कपात चमचा ठेवला. "ओन्नो, हे इंजिन हवेवर थंड होतं. त्यात पाणी नसतंच. ते झाकण ह्या नळाच्या टाकीचं. तू जे भरलंस ना, ते आपण प्यालो."

इस्पितळ तेच होतं, मजलाही तोच. इथे पुन्हा पाय ठेवणार नाही, असं ओन्नोने ठरवलं होतं. तिघांना ओळीने निजवलं. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध ओल्डेनबुर्गहून मागवलंय. तोवर मोजून दारू घ्यावी लागेल. ती ह्या गोड विषाला अडवते."

"मी घेत नाही," गेशे म्हणाली.

"मग मूत्रपिंडं जातील, बाई."

गेशेने घेतली. तासाभरात ती भजन म्हणू लागली. फोक्को म्हणाला, "ओन्नो, पुढच्या वेळी नुसती बिस्किटं दे." ओन्नो हसला. मग हसता हसता तोंड भिंतीकडे करून बराच वेळ तसाच पडून राहिला.

तेवढ्यात गेशेला एम्डेनच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. गाडी ठीक आहे ना, त्याने विचारलं. आज एकदा खोटं बोलून गेशेचं पोट भरलं होतं. "छान आहे हो," ती म्हणाली. "आम्ही तिच्यात चहा प्यायलो, आता तिघं इस्पितळात आहोत. आमची थेडा तर आधीच गेली." पलीकडून फोन ठेवला गेला. "उद्धट मेला," गेशे म्हणाली आणि झोपली.

चौथ्या दिवशी घरी आल्यावर ओन्नोने पुस्तक काढलं आणि पान उलटलं. चौदाव्या पानावर 'हवेवर थंड होणारं इंजिन' ह्या शब्दांखाली रेघ होती आणि समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'ओन्नो पाणी शोधत बसेल. आधीच सांगायचं. हसायचं नाही.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग बादली घेऊन बाहेर गेला.

टाकी दोनदा धुऊन झाली आहे. फोक्को म्हणतो, अजून चारदा धू. बांधावरचा चहा राहिला आहे.