फाटक्या चटईचा पुरावा

सकाळी सात वाजता प्रेमराज गच्चीवर चढला. गच्चीवर एकच चटई होती. असायला हव्या होत्या दोन.

प्रेमराज जळगावच्या एका चटईच्या कारखान्यात केमिस्ट. आपल्याकडच्या उन्हात प्लास्टिकची चटई दोन वर्षं टिकली तरी नशीब, पुढं हात लावला की भुगा. त्यानं मात्र प्लास्टिकमध्ये मिसळायची अशी पूड शोधली होती की चटई उन्हाला भीक घालत नव्हती. पुराव्यासाठी तीन वर्षं त्यानं गच्चीवर दोन चटया शेजारी शेजारी अंथरल्या होत्या, एक पुडीची, एक साधी. उद्योगातल्या पदार्थरसायनाचा मोठा पुरस्कार अगदी हातातोंडाशी आला होता. आज अकराला पुण्याहून परीक्षक मॅडम दोन्ही चटया पाहायला येणार, सोबत मालक पितांबरशेठ. आणि साधी चटई गायब.

"माय, गच्चीवरनी फाटेल चटई कोठे शे?"

"काल भंगारवालाले दी टाकी," सुंदरबाई म्हणाल्या. "पावना येवाव शेतस. चिंध्या दखीसन काय म्हनतीन?"

"अवं माय, तीच ते दखाडनी व्हती. चांगली चटई ते कोनाबी घर ऱ्हास."

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते असं. प्रेमराज भंगारवाल्याकडे धावला. माल पहाटेच भुसावळला गेला होता. तो परतला, तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. फाटक्या चटयांचा ढीग, भोवती त्या घेऊन आलेला शेजारपाजार.

"तुले फाटेल पाहिजे ना?" सुंदरबाई म्हणाल्या. "बठ्ठी गल्ली लई ऊनी."

तो त्या आवरत होता, तोवर अकराला दारात गाडी थांबली आणि मॅडम, शेठ उतरले.

"हे काय?" मॅडमनी विचारलं. प्रेमराजनं खरं तेच सांगितलं. मॅडमनी एका चटईचा काठ उलटला. शेठच्या कारखान्याचा शिक्का, खाली दोन-तीन वर्षांपूर्वीचं साल. दुसरी उलटली. तिसरी. शेठ आभाळाकडे बघू लागले.

"सगळ्या तुमच्याच?"

"गावात आमचाच माल चालतो," शेठ बारीक आवाजात म्हणाले.

मॅडम गच्चीवर जाऊन पुडीची धडधाकट चटई पाहून आल्या आणि लिहू लागल्या. प्रेमराजला वाटलं, संपलं सगळं.

"मी एका गच्चीचा पुरावा मागितला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही अख्ख्या गल्लीचा दिलात. साधी चटई टिकत नाही, याबद्दल आता शंकाच नाही."

"मंग शेठ," शेजारच्या मोतीबाईंनी ढिगाकडे बोट दाखवून विचारलं, "हाई कव्हय बदली देशात?"

मॅडमसमोर शेठ बदलून द्यायला नाही कसं म्हणणार?

पुरस्कार मिळाला, पेपरात फोटोही आला. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यासमोर फाटक्या चटयांची रांग लागली. कोणती उन्हानं गेली आणि कोणती उंदरानं कुरतडली, हे ओळखणारा माणूस कारखान्यात एकच. शेठनी प्रेमराजला प्रयोगशाळेतून उठवून चटया बदलून द्यायच्या खिडकीत बसवलं. मानचिन्हही तिथंच ठेवलंय, पावत्या उडू नयेत म्हणून.