थांबली नाय अजून

खालकर अण्णा माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी मनगट बघतात. मनगटावर घड्याळ, कडं, लाल धागा, काहीही दिसलं की लगेच, "काढा!" आमच्या शेजारच्या कुलकर्णी वहिनी त्र्यंबकेश्वरला अभिषेक करून थेट कॉलनीच्या बागेत पेढे वाटायला आल्या, तर अण्णांनी आधी त्यांना हातातला धागा काढायला लावला आणि मगच पेढा घेतला.

हे सगळं एका श्रेडरपायी. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीनं झाडांच्या फांद्या बारीक करायला पेट्रोलवर चालणारं यंत्र घेतलं. वरून फांदी घालायची, खालून भुसा पडतो, त्याचं खत होतं. मी कॉलनीचा सचिव आणि अण्णा कारखान्यातून निवृत्त झालेले, म्हणून मीच हौसेनं शेडची किल्ली त्यांच्या हवाली केली. ही अवदसा कुठून आठवली, असं मला तेव्हापासून सगळी कॉलनी विचारते.

अण्णांची तयारी बघायला जाताना घरून नाश्ता करूनच निघावं. इंजिन पार गार असेल तरच पेट्रोल भरायचं. मग डोळ्यांवर चष्मा, कानांवर आवाज अडवणारे ते भोपळे, पायात बंद बूट. झब्बा घालून आलेल्याची रवानगी घरी. ओढणीवाल्या मुली तर हल्ली लांबूनच वळतात.

त्यानंतर फांद्यांची झडती. संक्रांतीचा मांजा, क्लासवाल्यांच्या जाहिरातींचे खिळे आणि वडाची फांदी असेल तर वटपौर्णिमेचं सूत. ते सूत अण्णा मांडी घालून एकेक फेरा सोडवत बसतात. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो, कसलं सूत सोडवताय? घाला तशीच!"

"दोऱ्याचं एक टोक पात्याला, दुसरं तुमच्या हाताला. मंग?"

मी दुसऱ्या टोकाकडून सूत सोडवायला बसलो.

पण खरा छळ पुढेच. काम संपतं, अण्णा इंजिन बंद करतात, आपण भुशाचं पोतं ओढायला वाकतो, आणि अण्णांचा पंजा आडवा येतो. "थांबली नाय अजून."

"अण्णा, बंद केलीत ना तुम्ही?"

"बंद केली म्हंजे थांबली नाय."

आतलं पातं फिरायचं थांबेपर्यंत सगळ्यांनी शाळेतल्यासारखं उभं राहायचं. मग ते प्लगची वायर काढणार, आणि मगच आपण पोत्याला हात लावायचा. समोरच्या बंगल्यातला देशमुख, कंपनीत मोठा इंजिनिअर, त्यानं एकदा इंजिन बंद झाल्या झाल्या अडकलेली काटकी काढायला हात घातला. अण्णांनी फांद्या ढकलायच्या दांडक्यानं त्याच्या मनगटावर असा टोला हाणला की तो कळवळला.

"हात मोडला असता माझा!"

"मोडलेला जोडता येतो," अण्णा म्हणाले. माफी वगैरे काही नाही.

यंदा नारळी पौर्णिमेच्या आधी वाऱ्यानं गुलमोहर आडवा झाला, तोही नेमका गणपतीच्या मांडवाच्या जागेवर. मांडववाला रोज फोन करायचा आणि अण्णा फांद्यांतला मांजा वेचत बसलेले. शेवटी समितीची बैठक झाली. अण्णांकडून किल्ली काढून घ्यायची आणि देशमुखला द्यायची, असं ठरलं. आणायला कोण जाणार? "तुम्हीच बसवलंय त्यांना डोक्यावर, आता तुम्हीच निस्तरा," सगळे मला म्हणाले.

पौर्णिमेच्या सकाळी मी गेलो. हातावर माझ्या बहिणीची भलीमोठी राखी होती आणि तोंडात पाठ केलेली वाक्यं. दार उघडंच होतं. अण्णा डोक्यावर टोपी घालून पाटावर बसले होते. समोर एक बाई ओवाळत होत्या.

"या. ही सुमन. धाकटी बहीण, सायखेड्याची," अण्णा म्हणाले.

सुमनबाईंनी तबक खाली ठेवलं आणि राखी उचलली. त्यांचा उजवा हात मनगटाशीच संपत होता. अण्णांनी आपला उजवा हात पुढे केला. राखीचं एक टोक बाईंनी डाव्या हातात धरलं, दुसरं अण्णांनी आपल्या डाव्या हातात. एकानं वरून घेतलं, दुसऱ्यानं खालून ओढलं, आणि गाठ बसली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

मी बघत राहिलो असणार, कारण बाईच हसून म्हणाल्या, "कडबा कापायच्या कुट्टी मशीनीत हात गेला, दादा. लहान होते मी. पेंढीची सुतळी मनगटाला गुतली. भाऊनं पळत जाऊन बटन बंद केलं, बरं का! पण मशीन काय लगेच थांबती व्हय?"

अण्णा खाली मान घालून तबकातल्या अक्षता गोळा करत होते.

"किल्ली न्यायला आलात ना? बैठकीचं कळलं मला," ते म्हणाले. खिशाची सेफ्टी पिन काढून त्यांनी किल्ली पाटावर ठेवली. "न्या. फक्त देशमुखला सांगा, बंद केल्यावर..."

पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. मी किल्ली त्यांच्याकडे सरकवली. "चष्मा न्यायला आलो होतो, अण्णा. उद्या फांद्या आपण दोघं करू. आज सण आहे."

समितीत मी भरपूर शिव्या खाल्ल्या, मांडवही उशिरा उभा राहिला. अण्णांमध्ये म्हणाल तर काडीचा फरक नाही. दुसऱ्या दिवशी शेडवर पोचताच माझ्या राखीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "काढा!" आदल्या दिवशी बांधलेली त्यांची राखीही मनगटावर नव्हती. माझी बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही. वैताग आहे, आणि तो राहणार.

पण आता इंजिन बंद झालं की अण्णांच्या पंजाशेजारी माझाही पंजा आडवा होतो. शेडपाशी आम्ही सगळे पुरुषच असतो. अण्णा पात्याकडे बघत श्वास धरून उभे राहतात. मी जवळ उभा असतो म्हणून मला ऐकू येतं. पातं अगदी शांत झालं की ते हळूच म्हणतात, "थांबली गं."