संदर्भ क्रमांक सतरा

संदर्भ क्रमांक सतरामधील शेवटचा पूर्णविराम तिरपा होता. पूर्णविराम म्हणजे एक टिंब. ते तिरपे आहे की सरळ, हे माणसाच्या डोळ्याला कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखालीही कळत नाही; डॉ. पौर्णिमा सरवदे यांनी छापील कागद शंभरपट मोठा करून पाहिला होता. संगणकाला मात्र कळते, आणि आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकेच्या हस्तलिखित पूर्वपरीक्षण कक्षाकडे संगणक होता. लेख तिसऱ्यांदा परत आला.

पौर्णिमाबाई धाराशिवच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. बढतीसाठी त्यांना एक लेख कमी पडत होता आणि मुदत वर्षअखेरची होती. लेखाचा विषय होता शेळ्यांच्या यकृतातला चपटा किडा. तामलवाडीत शेळ्या राखणाऱ्या बिराप्पांनी त्यांना सांगितले होते, की तळ्याचे पाणी उतरून जे गवत उघडे पडते, त्यात बावीस दिवस शेळ्या घालायच्या नाहीत. तेविसाव्या दिवशी खुशाल घालाव्यात. पौर्णिमाबाईंनी दोन वर्षे चाळीस शेळ्यांच्या लेंड्या गोळा करून तपासल्या. बिराप्पांचे एका दिवसानेही चुकलेले नव्हते. हे जगात कुठेही छापलेले नव्हते. लेखाचे सगळे मोल त्यातच होते आणि सगळी अडचणही त्यातच होती.

टिंब खोडून त्यांनी पुन्हा टंकले. चौथ्यांदा उत्तर आले, की टिंब आता समाधानकारक आहे, परंतु संदर्भ नाही. 'बिराप्पा, तामलवाडी, तोंडी माहिती' या नोंदीत आडनाव, प्रकाशक, खंड आणि पृष्ठ क्रमांक आढळत नाहीत. कृपया बिराप्पांचा पृष्ठ क्रमांक कळवावा.

विभागप्रमुख शंभुलिंग सरांनी पत्र शांतपणे वाचले.

"ह्यात काय एवढं? आधी कुणीतरी हेच म्हटलंय असं दाखवा आणि मोकळ्या व्हा."

"सर, आधी कुणीच म्हटलेलं नाही. म्हणून तर लेख लिहिलाय."

"असं कसं? कुणीच म्हटलं नाही याला संदर्भ काय?"

पौर्णिमाबाईंकडे तो नव्हता.

"आणि हो," सर म्हणाले, "माझा मरळ माशावरचा लेख घाला बरं का."

"लेख शेळ्यांवर आहे, सर."

"शेळी पाणी पीत नाही का?"

मरळ अठराव्या क्रमांकावर गेला.

त्यानंतर लेख दोन परीक्षकांकडे पोहोचला. पहिल्याने स्वतःचे सहा लेख सुचवले. दुसऱ्याने ते सहाही कालबाह्य ठरवून स्वतःचे नऊ सुचवले. शोधपत्रिकेने आपले दहा सुचवले, सक्ती मात्र केली नाही. ते घातल्याशिवाय पुढचे बटण उमटत नव्हते एवढेच. संदर्भ एकशेबारा झाले. शब्दमर्यादा संदर्भांसह चार हजारांची होती, म्हणून लेखाला आठशे शब्द उरले. आधी तळ्याचे वर्णन गेले, मग पाऊसमान, मग लेंड्या. चाळीस शेळ्यांपैकी अठ्ठावीस तक्त्यात हलवल्या, आणि शेवटी तक्ताही गेला. उरलेल्या प्रत्येक वाक्याच्या पाठीशी आता तीन-तीन विद्वान उभे होते. बावीस दिवसांच्या वाक्याच्या पाठीशी एकटे बिराप्पा होते, तेही बिनपृष्ठाचे.

शेवटी शोधपत्रिकेने उदार मनाने मार्ग काढला: माहिती देणारी व्यक्ती नोंदणीकृत संशोधक असल्यास तोंडी माहितीचा विचार करता येईल.

रविवारी पौर्णिमाबाई तामलवाडीला गेल्या. बिराप्पा तळ्याच्या वरच्या अंगाला काठी टेकून उभे होते. पौर्णिमाबाईंनी फोनवर संशोधक नोंदणीचा अर्ज उघडला.

"मामा, शिक्षण काय लिहू?"

"दुसरी नापास लिवा. खरं हाय ते."

अर्जातल्या यादीत दुसरी नव्हती. यादीतली सर्वांत खालची पायरी पदव्युत्तर होती. पौर्णिमाबाईंनी ती निवडली.

"संस्था?"

बिराप्पांनी मागे वळून शेळ्यांकडे पाहिले. "ही काय. चौसष्ट हायती."

"तुमचं त्यात काम काय?"

"म्होरं चालतो. आनखी काय?"

यंत्रणेने याचा अर्थ संचालक असा लावला. बिराप्पांच्या साध्या फोनवर ईमेल येत नसल्याने पत्ता पौर्णिमाबाईंनी आपलाच दिला. सोळा आकडी क्रमांक मिळाला.

"लई लांब नंबर हाय की," बिराप्पा म्हणाले. "ट्रॅक्टरचा बी एवढा नसतो. ह्याचं मिळतं काय?"

"काही नाही, मामा. फक्त तुम्ही खरं बोलता असं धरतात."

"आन् आजवर?"

पौर्णिमाबाईंनी फोन पिशवीत ठेवला.

चार दिवसांनी त्या पत्त्यावर शोधपत्रिकेचे 'आदरणीय डॉ. बिराप्पा' असे पत्र आले. उतरते पाणी आणि चपटा किडा या विषयात जगात एकच नोंदणीकृत तज्ज्ञ असल्याचे यंत्रणेला आढळले होते. तरी त्यांनी सोबतच्या लेखाचे अंतिम परीक्षण करून द्यावे, त्यांचा शब्द प्रमाण मानला जाईल. सोबतचा लेख पौर्णिमाबाईंचा होता. परीक्षक कोण हे लेखकाला कळू द्यायचे नाही, असा कडक नियम असल्यामुळे, आपल्याला हे काहीच माहीत नाही अशा मनःस्थितीत त्या पुन्हा तामलवाडीला गेल्या आणि त्यांनी बिराप्पांना लेख मराठीत वाचून दाखवला.

बिराप्पांनी एकशेबाराही संदर्भ बसून ऐकले. मधे एकदाच उठले, ते बांधावर चढलेली शेळी हाकायला.

"चाळीस शेळ्या व्हत्या न्हवं? कुठं गेल्या?"

"शब्दमर्यादा, मामा."

"आन् मरळ कशापायी?"

"ते आमचे विभागप्रमुख."

"आसं, आसं." त्यांनी मान डोलावली. "मंग माजं बावीस दिसाचं कुठंय?"

"आहे की. तुम्ही सतरावे."

"मासा?"

"अठरावा."

"म्हंजी माशाच्या म्होरं हाय म्या!" बिराप्पा खदखदून हसले. मग हसू पुरते ओसरू देऊन त्यांनी विचारले, "पयल्या पानावर नाव कुणाचं?"

"माझं."

"एकटीचंच?"

लेखकांसाठीच्या सूचनांच्या पहिल्याच पानावर तिसरे कलम होते: मूळ निरीक्षण ज्याचे, तोही लेखक. पौर्णिमाबाई एकही कलम न वाचता सोडणाऱ्यांपैकी नव्हत्या. हे त्यांनी चार महिन्यांपूर्वी, पहिल्याच दिवशी वाचले होते. त्याच दिवशी त्यांनी महाविद्यालयाचा नियमही वाचला होता, की दोन लेखक झाले की गुण वाटले जातात. आणि वाटलेल्या गुणांत बढती बसत नव्हती. तेव्हापासून त्या टिंब सरळ करत होत्या. बिराप्पांना कुठे बसवावे याचा शोध विभागप्रमुखांनी घेतला, परीक्षकांनी घेतला, संगणकाने घेतला. वाचकांनीही इथवर येताना शोधपत्रिकेला नावे ठेवत, बिचाऱ्या बाईंसाठी, बिराप्पांना तळटीपेत नाहीतर आभारात सरकवून पाहिलेच असेल. पहिल्या पानावरची जागा आपल्यालाही सुचली नाही, याची नोंद कोणतीही यंत्रणा ठेवत नाही.

फोनवर तीन चौकोन होते: स्वीकारावा, सुधारावा, नाकारावा.

"काय लिहू, मामा?"

"मला काय इचारता, म्याडम? वाचता तुमाला येतंय."

तळ्याचे पाणी उतरले होते. काठचे गवत हिरवेगार होते आणि चौसष्टांपैकी एकही शेळी त्यात नव्हती. पौर्णिमाबाईंनी मधल्या चौकोनावर बोट ठेवले.

"सतरावा संदर्भ काढते," त्या म्हणाल्या. "पहिल्या पानावर आधी तुमचं नाव. मग माझं."