इवाईंचं हवानातलं पाणी

भानुदासराव एकटे राहतात आणि त्यांच्या घरात पाण्याचे नऊ ड्रम आहेत. हंडे, कळश्या, बादल्या आणि झाकणाचे डबे वेगळेच. एकदा मी चहाला गेलो आणि ओट्यावरची बशी उचलली, तर तीही काठोकाठ भरलेली! म्हटलं, "हे हो काय, भानुदासराव?" तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. चिमण्यांला हुईल." रिकामं भांडं या माणसाला बघवतच नाही.

पडेगावला आमची घरं भिंतीला भिंत लागून. वीस वर्षांचा शेजार, आणि त्यांच्या नीलेशनं माझ्या केतकीशी लग्न केल्यापासून सोयरीकही. व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात. ते मुलाचे वडील, मी मुलीचा बाप. तेव्हा आवाज कुणी चढवायचा आणि मान कुणी खाली घालायची हे खरं तर ठरलेलं आहे. पण मी पडलो शाळेतला निवृत्त हेडक्लार्क. कुणावर तरी खेकसल्याशिवाय मला अन्न पचत नाही, आणि सगळ्यात जवळ तेच राहतात.

आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचं आठवड्यानं, तेही सांगून यायचं नाही. निम्मी गल्ली शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत, नवरा-बायको दोघंही कामावर. मग पाणी आल्यावर घरात कोण? भानुदासराव! तेही तिकडच्याच एका कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. गल्लीतल्या अकरा घरांच्या किल्ल्या त्यांच्या दाराआड खिळ्यांना टांगलेल्या असत. पाणी यायच्या आधी नळ हवा सोडतो, फुस्स करतो. तो आवाज त्यांना दुपारच्या झोपेतसुद्धा ऐकू यायचा. "आलं रं आलं!" अशी आरोळी ठोकायची, पायजमा वर खोचायचा आणि अकरा घरं भरत सुटायचं. टाकीवर बोटाचं पेर वाजवायचे. "टक. पाऊण हाय." झाकण उघडून बघावं तर पाऊणच, तसूभर कमी नाही की जास्त नाही. संध्याकाळी माणसं कामावरून आली की हे दारात उभे. "भरलं समदं. जावा, हातपाय धुवा."

आणि मग मला शहाणपण सुचलं. मी गल्लीची बैठक बोलावली. सगळ्यांनी मिळून बोअर घेतली, मोठी सामायिक टाकी बांधली, आपोआप चालू-बंद होणारी मोटर बसवली. मला हार घातला लोकांनी! दुसऱ्या दिवसापासून जो तो भानुदासरावांकडं जाऊन आपली किल्ली परत आणायला लागला. पहिली किल्ली मीच मागितली. "आता तुम्हाला त्रास नको," असंही वर म्हणालो. त्यांनी ती खिळ्यावरून काढली, सदऱ्याला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. "बरं झालं की," एवढंच म्हणाले.

त्यानंतर माणूस बसला तो बसलाच. त्यांच्या पत्नी, शांतावहिनी, दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हाही ते इतके गप्प नव्हते. नीलेशनं टोरांटोहून फोनवर निकाल देऊन टाकला. "आबा, तिकडं एकटे काय करताय? घर विकू, कायमचे इकडं या." भानुदासराव "बघू" म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यात कधी "बघू" म्हटलं नाही, त्यानं तसं म्हणावं हे मला खटकलं.

तेवढ्यात केतकीला मुलगा झाला. आम्ही दोघं नवरा-बायको आणि भानुदासराव, तिघंही टोरांटोला गेलो. बाहेर बर्फ आणि घरात चोवीस तास पाणी. गार वेगळं, गरम वेगळं! भानुदासराव रोज सकाळी बाथरूममधला तो आडवा टब काठापर्यंत भरून ठेवायचे. केतकी रोज दुपारी त्याचं बूच काढायची. ते सासरे, ती सून. दोघंही एकमेकांना एक शब्द बोलले नाहीत. ते भरत राहिले, ती सोडत राहिली. दहाव्या दिवशी तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "पप्पा, तुम्ही आणि आबा आठवडाभर कुठंतरी उन्हात जाऊन या. नाहीतर मला वेड लागंल."

तिकडची माणसं थंडीला कंटाळली की हवानाला जातात म्हणे. जुन्या शहरातलं स्वस्तात स्वस्त गेस्टहाऊस मीच शोधलं. त्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही. बुधवारी संध्याकाळी पोचलो. दगडी फरशीची अरुंद गल्ली, पुरुषभर उंचीच्या खिडक्या, मधे चौक, दोन जिने चढून खोली. खोलीत दोन खाटा आणि हेलिकॉप्टरसारखा आवाज करणारा पंखा. मालकीणबाई मार्ता, साठीच्या, ठणठणीत. आमचं सगळं बोलणं मोबाईलमार्फत. त्या त्यात बोलायच्या, तो मराठीत वाचून दाखवायचा.

मी पिशव्या उघडतोय तोवर भानुदासरावांनी खिडकी उघडली. आणि मग इतके दिवस न ऐकलेला आवाज अख्ख्या गल्लीत घुमला.

"इवाई! आवो इवाई! हिकडं या! गच्चीवर टाक्या बघा! समद्या गच्च्यांवर टाक्या! आवो, आपलीच माणसं हायती की ही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्ताबाई चहा-कॉफीचं विचारायला आल्या आणि दारातच थबकल्या. बादली, जग, चार ग्लास, फुलदाणी, बर्फाचा ट्रे आणि साबणाची वाटी, सगळं काठोकाठ. बाई हातवारे करत पाच मिनिटं बोलल्या. मोबाईलनं त्याचं एकच वाक्य केलं: "हे गृहस्थ आजारी आहेत का?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भानुदासराव मात्र हात जोडून म्हणाले, "मार्ताताई, पानी कब आता?"

पाणी दिवसाआड येतं, असं बाईंनी सांगितलं. आज गुरुवार, आज येईल, मग शनिवारी. आणि शनिवारी तर घरात कार्य! नात लूसिया पंधरा वर्षांची होणार. तिकडं मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा करतात. चौकात मांडव, चाळीस माणसं, झालरीचा गुलाबी झगा. लूसियाचे वडील पोटापाण्यासाठी दुसऱ्या देशात, त्यांना येता येणार नव्हतं. म्हणून तर कशातच काही कमी पडू द्यायचं नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. वर्षभर ती तयारी चालली होती.

दुपारी फुस्स झालं. भानुदासराव खाटेवरून उडाले. चौकातला हौद भरला आणि मार्ताबाईंनी शांतपणे नळ बंद केला. भानुदासरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "बंद केला? चालू नळ बंद केला? इवाई, काय बाई हाय ही!"

मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? चला, समुद्रावरचा किल्ला बघू."

"किल्ला आपल्याकडं बी हाय. दौलताबादचा बघून झालाय माझा. पाणी आज आलंय, उद्याचा काय भरवसा?"

तिथं माझं टाळकं सरकलं. "अहो, पोरांनी एवढं विमानानं पाठवलं ते नळाखाली बसायला? लोक काय म्हणतील? म्हणूनच गल्लीनं किल्ल्या परत घेतल्या तुमच्याकडून!"

बोललो आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पायजमा तेवढा वर खोचला. मी रागारागात एकटाच किल्ला बघायला गेलो. गुरुवारी गेलो, शुक्रवारीही गेलो. जुन्या रंगीत मोटारी पाहिल्या, चर्च पाहिलं, समुद्र पाहिला. कशात म्हणून लक्ष लागलं नाही. शुक्रवारी परतलो तर मार्ताबाईंचं घर लखलखत होतं. उद्या पाणी येणारच म्हणून बाईंनी जिने, चौक, पडदे, चादरी, सगळं धुऊन काढलं होतं.

शनिवारी नळ फुसफुसलासुद्धा नाही. पलीकडच्या रस्त्यावर जमिनीखालची मोठी पाइपलाइन फुटली होती. आज पाणी नाही, उद्याचंही सांगता येत नाही. हौदात तळाला वीतभर गाळ, गच्चीवरच्या टाक्या कोरड्या ठणठणीत. चुलीवर तांदूळ आणि काळा घेवडा चढवायचा होता, आणि ते धुवायलासुद्धा पाणी नव्हतं. मार्ताबाई जिन्यात बसून डोक्याला हात लावून रडत होत्या. लूसिया केस कुरळे करायच्या नळकांड्यांना केस गुंडाळलेल्या अवस्थेत त्यांच्या शेजारी मुसमुसत होती. मला काय करावं सुचेना. मी आपला मोबाईलमध्ये "रडू नका" एवढं बोललो.

भानुदासराव खाकरले. "ताई, चला जरा," म्हणाले आणि निघाले. भाषा नाही कळली, पण चालण्याचा रुबाब कळला असणार. आम्ही सगळे त्यांच्या मागं मागच्या गच्चीवर गेलो. तिथं कोपऱ्यात जुन्या चादरी टाकलेल्या. त्यांनी पहिली चादर ओढली. पाच ड्रम! दुसरी ओढली. अडगळीतला तुटक्या पायांचा न्हाणीटब, विटांवर नीट टेकवलेला, घासून पांढराशुभ्र. त्यापुढं पातेली, डबे आणि बाटल्यांची रांग. मी किल्ला बघत होतो तेव्हा हा माणूस मार्ताबाईंची अडगळ वाळूनं घासत होता. गुरुवारी बाईंनी हौदाचा नळ बंद केला, त्यांची पाठ वळताच यांनी तो पुन्हा उघडला, आणि बादल्या घेऊन दोन जिन्यांची चढ-उतार केली. या वयात!

पेर वाजवलं. "टक. गच्च." पुढचा. "टक. गच्च." मार्ताबाईंनी डोळे पुसले, ड्रमला कान लावला आणि स्वतः टकटक करून पाहिलं. मग त्यांनी भानुदासरावांचे दोन्ही गाल धरून दोन मुके घेतले.

"इवाई," लालबुंद होत ते कसंबसं म्हणाले, "हे घरी सांगू नगा."

त्यानंतर त्या घरात राज्य भानुदासरावांचं. तांब्या हातात घेऊन ते ड्रमपाशी उभे राहिले. "हात धुवायला येकच तांब्या! तांदूळ धुतलेलं पाणी फेकायचं नाय, झाडाला घाला! ए बाबा, तू दुसऱ्यांदा आलास!" चाळीस क्युबन माणसं ते अस्सल मराठवाडी हुकूम निमूट ऐकत होती. भात झाला, घेवडा झाला, केक आला. पोरं घामाघूम होऊन नाचली आणि सगळ्यांना पोटभर प्यायला पाणी मिळालं. शेवटचा पाहुणा उठेपर्यंत पाणी पुरलं. वर दीड ड्रम उरलं! आमच्या गल्लीत कधी एवढं नेमकं गणित झालं नव्हतं.

तिकडं मुलगी पहिला नाच वडिलांबरोबर करते. गाणं सुरू झालं, सगळे बाजूला झाले, आणि लूसिया तो गुलाबी झगा सावरत थेट ड्रमापाशी आली. हात पुढं केला. भानुदासरावांनी तांब्या माझ्याकडं दिला, ओले हात पायजम्याला पुसले आणि गेले. त्यांना एकच नाच येतो, लेझमीचा. जागच्या जागी दोन पावलं पुढं, दोन मागं. पोरगीनं तो दोन मिनिटांत उचलला. बघता बघता अख्खा चौक लेझमीच्या पावलांवर नाचायला लागला! मी तांब्या धरून उभा होतो आणि मला रडू येत होतं. सांगायला लाज कसली?

दिवेलागणीला आम्ही गच्चीवर बसलो. मी म्हटलं, "भानुदासराव, परवा बोललो ते चुकलो. माफ करा."

"असू द्या." थोडा वेळ ते पालथ्या घातलेल्या रिकाम्या ड्रमांकडं बघत राहिले. "इवाई, मला एकल्याला दिवसाला दोन बादल्या लई झाल्या. ते काय मला कळत नाय व्हय? पण शांता खाटेवर पडली ना, ती चार वर्षं, रोज ह्या टायमाला ती आतून इचारायची, 'भरलं का समदं?' मी म्हणायचो, 'भरलं.' मग निवांत डोळे मिटायची. आता इचारायला कुणी नाय. पण मला सांगायची सवय ऱ्हायली की हो."

वीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो मी. मला हे माहीत नव्हतं.

निघताना मार्ताबाईंनी त्यांच्या हातात घराच्या दाराची किल्ली ठेवली. मोबाईल म्हणाला, "पुढच्या वेळी दार वाजवू नका."

टोरांटोला पोचल्यावर भानुदासरावांनी पायातले बूट काढायच्या आधी नीलेशला सांगितलं, "घर इकायचं नाय. मी जातो माघारी."

"आबा, तिकडं आहे कोण तुमचं?"

"नऊ ड्रम हायती," ते म्हणाले. केतकी हसली. दुसऱ्या दिवशी तिनं टबाचं बूच काढलं नाही.

पडेगावला आलो त्याच संध्याकाळी मी माझी किल्ली घेऊन त्यांच्याकडं गेलो. खिळ्यांच्या रांगेत हवानाची किल्ली एकटीच लटकत होती.

"आता कशाला? टाकी हाय, मोटर हाय," ते म्हणाले.

"त्या मोटरीला टक वाजवता येतं का?" मी खेकसलो. "ठेवा म्हणतो ना!"

त्यांनी ती सदऱ्याला पुसली आणि पहिल्या खिळ्याला अडकवली. मी घरी येऊन अंगणात थोडा वेळ उभा राहिलो. भिंतीपलीकडं त्यांची पावलं वाजत होती. दिवे लागले तसा मी घसा साफ केला आणि भिंतीवरून ओरडलो, "भानुदासराव! भरलं का समदं?"

पावलं थांबली. मग टक. पुन्हा टक. एकेक करत नऊ वेळा.

"भरलं," पलीकडून आवाज आला. "भरलं, इवाई."