गणपती-शिमग्याचे पालक अपात्र

रविवारी सकाळी साडेनऊला मी नियमाप्रमाणे बाबांना पोलादपूरला फोन केला. नियम मीच केला होता आणि तो मी चार वर्षं पुण्याहून काटेकोर पाळला.

"आंबेनळी घाटाच्या वळणावर कुत्र्याचं पिल्लू सापडलंय गो," बाबा म्हणाले. "काम काय नाय, पण प्रत्येकाच्या अंगणात जाऊन बसतंय. सरपंच नाव ठेवलंय."

"चावेल, बाबा."

"चावलं तर ग्रामपंचायतीत अर्ज देतो. बघायला ये एकदा."

"गणपतीला येतेच आहे ना."

"हां, तसं कर."

सोमवारी सकाळी बाबा गेले. शेजारच्या येसूबाई काकींना ते ओटीवर सापडले. सरपंच पायाशी होता.

दहाव्याला सावित्री नदीच्या काठी सगळे भाऊबंद वर बघत कावळ्याची वाट पाहत होते. सरपंचाने खाली बघितले आणि पिंड गिळला. भटजींनी असा प्रसंग शास्त्रात नसल्याचे सांगितले. मुंबईहून आलेल्या माझ्या चुलतभावाने, मंगेशदादाने, तो धार्मिक भावनांचा प्रश्न ठरवून थेट महाडच्या निराधार श्वान पुनर्वसन समितीला फोन लावला. तासाभरात गाडी आली. पंचनामा झाला आणि सरपंचाला ताब्यात घेण्यात आले.

बाबांची वारस म्हणून मला एका पानाच्या प्रतिज्ञापत्रावर मान्यता मिळाली होती. त्यांचं पिल्लू परत मागण्याचा अर्ज एकोणीस पानांचा निघाला. सोबत घराचा नकाशा, दोन साक्षीदार आणि अर्जदाराच्या स्वभावाचा दाखला. स्वभावाचा दाखला कोण देतं हे तहसील कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी उत्पन्नाचा दिला. समितीने तो स्वीकारला.

मग घरपाहणी. समितीचे सचिव प्रवीणजी सरपंचाला घेऊन आले आणि ओटीवर कागद मांडून बसले. सरपंचाने पान चार खाल्ले. पान चार पिल्लाच्या शिस्तीविषयी होते.

"पिल्लू सलग चार तासांपेक्षा जास्त एकटं राहणार नाही, अशी हमी?"

"देते. मी पुस्तकं संपादित करते. घरूनच."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"म्हणजे कुठूनही करता येतं?"

"येतं."

"उत्तम!" त्यांनी आनंदाने अर्जावर खूण केली. "जेवताना कुणाला तरी जवळ बसावं लागतं. वीज गेली की घाबरतात. खाणं कमी झालं तर त्याच दिवशी लक्षात यायला हवं. आणि कलम सहा नीट वाचा. फक्त गणपती आणि शिमग्याला गावी येणारे पालक अपात्र."

येसूबाई काकी साक्षीदार म्हणून बसल्या होत्या. त्या ताडकन म्हणाल्या, "मंग अख्खा तालुका अपात्र हाय की रे!"

"काकी, हा नियम फक्त कुत्र्यांसाठी आहे."

"तेच म्हनतंय मी. मानसांसाठी काय हाय?"

"माणसांचा विषय आमच्या कार्यकक्षेत येत नाही."

एवढ्यात प्रवीणजींचा मोबाइल वाजला. त्यांनी तो कापला. "आई. बिरवाडीला एकटीच असते, काही काम नसतं तिला. हां, तर कुठे होतो आपण? एकटेपणा."

सरपंचाने त्यांच्या पिशवीत तोंड घालून शिक्का पळवला. काकी त्याच्यामागे परसात धावल्या. शिक्का सापडेपर्यंत कामकाज तहकूब झाले.

शेवटचा प्रश्न उरला. अर्जदाराने यापूर्वी कोणाच्या सांभाळात हयगय केली आहे काय? असल्यास अर्ज बाद होईल.

"इथे 'नाही' लिहून सही करा," प्रवीणजी पेन पुढे करत म्हणाले. "आजवर दोनशे अर्ज आले, सगळ्यांनी 'नाही'च लिहिलंय."

सगळेच लिहितात. तुम्हीही लिहिलं असतंत, आणि खाली स्वच्छ अक्षरात सही केली असतीत.

सरपंच माझ्या मांडीवर चढला आणि तिथेच झोपला. या घरात बाबांना शेवटपर्यंत सोबत करणारा तो एकटाच जीव होता. मला तो हवा होता. मी पेन उघडलं. मग बंद करून त्यांना परत दिलं.

"'होय' लिहा," मी म्हणाले. "माझे वडील. मला सवड होती. इथं कंटाळा यायचा, म्हणून मी येत नव्हते."