अंधाऱ्या पेटीतल्या उड्या

बायको माहेरी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी संशोधकाचा मोबाइल हरवला. जाताना ती बजावून गेली होती, "आता मी फोन करणार नाही. वाटलं तर तू कर." कारण एवढंच, की ठरलेली सहल तो तिसऱ्यांदा विसरला होता. ताठा त्यालाही होता. त्याने फोन केला नाही, आणि करावासा वाटला तेव्हा मोबाइलच सापडेना. तिचा नंबर पाठ असेल तर शपथ! तिकडे जावं, तर चार दिवस यंत्र सोडून गावाबाहेर जायची सोय नव्हती.

प्रयोगशाळेत त्याने सेंद्रिय अर्धवाहकाचा पापुद्रा बनवला होता, केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ. उजेडात त्यातून वीज बरी वाहते, अंधारात जवळजवळ नाही. ती 'जवळजवळ नाही' म्हणजे नेमकी किती, हे मोजायला पापुद्रा लाकडी काळ्या पेटीत, कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवला होता. झाकण उघडलं की प्रयोग संपला. पण आलेखावर प्रवाह मध्येच टुणकन उडी मारायचा आणि अर्ध्या मिनिटाने मुकाट खाली यायचा.

"झाकण कुणी उघडलं नाही ना रे?" त्याच्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं.

"छे हो मॅडम! मी इथेच तर बसलेला असतो. घरी आहे कोण?"

तिसऱ्या दिवशी मॅडमनी विभागप्रमुखांना बोलावलं. "पदार्थ आपणहून जागा होतोय, सर!" सरांनी संशोधकाची पाठ थोपटली आणि सोमवारी सगळ्या विभागापुढे बोलायला सांगितलं. त्याला मात्र घास गोड लागेना. ही बातमी जिला आधी सांगायची, तीच नव्हती. घर खायला उठत होतं.

पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं ते त्याला चौथ्या दुपारी सुचलं. टेबलावरच्या फोनवरून त्याने स्वतःचाच नंबर फिरवला.

"उडी!" मॅडम ओरडल्या.

त्याने फोन ठेवला.

"पडला रे!"

त्याने पुन्हा फिरवला.

"परत उडी!"

संशोधकाला एकदम आठवलं. पापुद्र्यावर तारा टेकवताना त्याने मोबाइलचा टॉर्च लावला होता. टॉर्च बंद केला, मोबाइल बाजूला ठेवला आणि तिच्याच विचारात झाकण लावून टाकलं.

"मॅडम, पदार्थ जागा होत नाहीये. आत माझा मोबाइल आहे. आवाज बंद आहे, पण फोन आला की पडदा उजळतो."

"अरे देवा! आता सरांना काय तोंड दाखवू?"

त्याचं लक्षच नव्हतं. तो आलेखावर बोट फिरवत होता. पहिल्या दिवशी सहा उड्या, दुसऱ्या दिवशी चार, काल एकच. आज त्याच्या स्वतःच्या सोडल्या तर एकही नाही. कुणीतरी आशा सोडत चाललं होतं.

"मॅडम, उघडू?"

"सहाच तास राहिलेत रे!" मॅडमनी आलेखाकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे. "उघड बाबा."

अकराही फोन सासूबाईंच्या नंबरवरून आलेले होते. त्याचा चेहरा पडला. बायकोने शब्द पाळला होता. तरी त्याने तो नंबर लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत कुणीतरी उचलला.

"आई घरात नाहीये, फोन इथेच ठेवून सकाळीच मावशीकडे गेलीय," बायकोचा आवाज आला. "आणि ते फोन तिनेच केले होते. मी नाही."

"तुझी फार आठवण येते गं," तो मॅडमसमोरच म्हणाला. "न्यायला येऊ?"



"आईला विचारून सांगते," ती म्हणाली, आणि श्वासही न घेता पुढे, "हो म्हणतेय."